उचलून आणलेला मतदार

मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात (किंवा पेपरच्या इन्स्टाग्रामवर, आपण पेपर उघडतो कुठे) एक फोटो हमखास असतो. पहिल्या पानावर नाही. तिथे शाईचं बोट दाखवणारे नट आणि सहकुटुंब नेते असतात. हा फोटो आत, ‘क्षणचित्रे’ नावाच्या पट्ट्यात असतो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली एक व्यक्ती, खुर्ची दोन्ही बाजूंनी उचललेले दोन पोलीस, मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेला सुविचार. खाली ओळ साधारण अशी, की अपंगत्वावर मात करून यांनी हक्क बजावला, धडधाकट लोकांनी यातून काहीतरी शिकावं.

गेली काही वर्षं मी हे फोटो जमवतोय. छंद म्हणा. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. स्क्रीनवरचं बटण न दिसणाऱ्या माणसाला सापडतं का, हा प्रश्न ऑफिसात रोज येतो आणि बहुतेक वेळा ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ म्हणून मागे सरकतो. त्यामुळे असेल, पण हे फोटो बघताना मला माणसाच्या जिद्दीआधी पायऱ्या दिसतात.

फोटो नीट बघा. खुर्चीतला माणूस कॅमेऱ्याकडे क्वचितच बघतो. तो खुर्चीच्या दांड्याकडे बघत असतो, कारण पडायची भीती असते. उचलणारे मात्र हसत असतात, आणि ते हसू खोटं नसतं. पहाटेपासून ड्यूटीवर असलेल्या हवालदाराला दिवसभरात मिळालेलं हे बहुधा एकच समाधानाचं काम. फोटोला नायक मात्र दोन असतात आणि मतदार त्यांच्यात बसत नाही. तो या गोष्टीतला सामान असतो.

आता जरा गणित. शाळेला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटर. एकूण उंची ४५ सेंटिमीटर. व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चढवता यावी म्हणून सरकारी मार्गदर्शक सूचनांत उतार १:१२ धरलाय. म्हणजे रॅम्पची लांबी हवी ५ मीटर ४० सेंटिमीटर, जवळपास अठरा फूट. आदल्या रात्री मांडववाल्याकडून आणलेली सहा फुटी फळी टाकली तर उतार होतो साधारण १:४. त्यावरून कुणीही एकट्याने चढू शकत नाही, मागून दोघांनी ढकलावं लागतं. ते ढकलण्यापेक्षा उचलणं सोपं पडतं. फोटो असा तयार होतो. अनेक शाळांत आता पक्के, धड उताराचे रॅम्प आहेत, आणि गंमत म्हणजे तिथले फोटो छापून येत नाहीत. माणूस आला, चढला, मत देऊन गेला, यात छापण्यासारखं काय?

रॅम्पसुद्धा सहज मिळालेले नाहीत. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अपंग हक्क चळवळीतले जावेद अबिदी यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते याचिका म्हणून घेतलं गेलं आणि न्यायालयाने मतदान केंद्रांवर रॅम्प करायला सांगितलं. पुढे मतदान यंत्रावर ब्रेल आलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं अकरावं कलम तर सरळ सांगतं, की सर्व मतदान केंद्रं अपंगांना वापरता येतील अशी असली पाहिजेत आणि निवडणुकीचं सर्व साहित्य त्यांना समजेल आणि हाताळता येईल असं असलं पाहिजे. हे पाहणं केंद्रीय आणि राज्य, दोन्ही निवडणूक आयोगांचं काम आहे. त्या कलमातला पहिला अर्धा भाग आपण फोटोत बघतो. दुसरा अर्धा, साहित्याचा, फोटोत येत नाही, कारण तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे घडतो. तिथे कॅमेऱ्याला बंदी आहे आणि ती रास्त आहे. पण माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे.

म्हणून यंत्राकडे वळू. एखाद्या कवितेचं करतात तसं यंत्राचंही बारकाईने वाचन करता येतं, कारण कुणीतरी कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेलं असतं. आपल्या बॅलट युनिटवर एका उभ्या रांगेत सोळा जागा असतात. उमेदवाराचा क्रमांक, नाव, फोटो, चिन्ह, मग लाल दिवा, मग निळं बटण, आणि बटणाच्या उजवीकडे ब्रेलमध्ये १ ते १६ आकडे. नाव ब्रेलमध्ये नाही. नावांसाठी केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. ती बाहेर वाचायची, हव्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आत जाऊन तो आकडा बोटाने शोधायचा आणि बटण दाबायचं.

इथवर डिझाइन चांगलं आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. स्वस्त, वीज न लागणारं, बिघडू न शकणारं. उमेदवार जास्त झाले की दुसरं युनिट जोडतात. २०१९ला निजामाबादमध्ये १८५ उमेदवार होते आणि प्रत्येक केंद्रावर बारा युनिटं मांडावी लागली होती. तिथे बोटाने आधी यंत्र शोधायचं, मग आकडा. पण तो अपवाद म्हणून सोडून देऊ. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत नसतं, तेही बाजूला ठेवू. ब्रेल उत्तम येणाऱ्या, सोळाच्या आतल्या उमेदवाराला मत देणाऱ्या माणसाचं बटण दाबल्यावर काय होतं ते बघू.

लाल दिवा लागतो. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद उजळते, तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, आणि ती कापली जाऊन डब्यात पडते. मग लांब बीप वाजते. यात न दिसणाऱ्या मतदाराच्या वाट्याला फक्त बीप येते. बीप सांगते, मत नोंदलं गेलं. कुणाला, ते सांगत नाही. आमच्या धंद्यात याला ‘फीडबॅक’ म्हणतात आणि तो कुणासाठी आहे हे आधी विचारतात. दिवा आणि चिठ्ठी मतदारासाठी आहेत. बीप मुख्यतः बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यासाठी आहे, पुढचा माणूस सोडायला.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. ती जन्मापासून अंध आहे आणि स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकते, की शेजारी बसणाऱ्याला तो कुठल्यातरी परग्रहावरचा रेडिओ वाटतो. पहिल्यांदा ती भावाबरोबर मत द्यायला गेली. नियमात तशी सोय आहे. १९६१च्या निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम अंध किंवा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती आत नेऊ देतो. सोबत्याने मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं, आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. नियम विचार करून लिहिलाय. एकाच कार्यकर्त्याने वीस आज्यांचा नातू होऊन जाऊ नये, याची काळजी त्यात आहे.

“पण नियमाला वाटतं, गुप्तता सोबत्याने जगापासून ठेवायची,” ती म्हणाली. “मला ती सोबत्यापासून हवी होती. दादा घरून निघतानाच विचारतो, यंदा कुणाला दाबायचं? प्रेमाने विचारतो रे, हीच अडचण आहे. भांडखोर असता तर खोटं सांगितलं असतं.”

दुसऱ्या वेळी ती एकटी आत गेली. केंद्राध्यक्ष बाई भल्या होत्या. त्यांचं म्हणणं, भावाला घेऊन जा बाळ, पटकन होईल. ब्रेलची मतपत्रिका साहित्याच्या पिशवीत तळाशी निघाली. मागच्या रांगेतून आवाज यायला लागले. तिने वाचलं, आत गेली, मोजलं, दाबलं. “बीप ऐकली,” ती म्हणाली, “आणि बाहेर येईपर्यंत विचार करत होते, सहा दाबलं की सात.” पहिल्या वेळी तिचं मत बरोबर ठिकाणी पडलं, पण गुप्त राहिलं नाही. दुसऱ्या वेळी गुप्त राहिलं, पण बरोबर पडलं का ते तिला कळायची सोय नव्हती. रांगेतल्या बाकी प्रत्येकाला दोन्ही गोष्टी एकदम मिळत होत्या.

आपल्याकडे व्हीव्हीपॅटवर केवढा वाद झाला. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी पुरावा अत्यावश्यक आहे. २०१९ला तो देशभर सर्व लोकसभा मतदारसंघांत आला. एप्रिल २०२४मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयाने फेटाळली, तेव्हा माझ्या टाइमलाइनवर आठवडाभर युद्ध चालू होतं. दोन्ही बाजू मतदाराने आपल्या डोळ्यांनी चिठ्ठी बघण्याबद्दल बोलत होत्या, आणि त्या वाक्यातले ‘डोळ्यांनी’ कुणाला खटकले नाहीत. २०११च्या जनगणनेत दृष्टीदोष नोंदलेले लोक पन्नास लाखांवर आहेत. सात सेकंदांचा तो उजेड इतरांसाठी विश्वासाची सोय झाली. या लोकांसाठी मात्र व्हीव्हीपॅटने जुनी बरोबरी मोडली. आधी कुणालाच कागद दिसत नव्हता, आता फक्त त्यांना दिसत नाही.

याहून जुनी एक गोष्ट इथे आठवते, ती वाचल्यापासून माझा आपल्या निवडणुकांबद्दलचा आदर दुप्पट झालाय. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटींवर आणि त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर सोपा रस्ता होता. निरक्षराने साक्षर सोबती आणावा, त्याने वाचून दाखवावं, झालं. तसं केलं नाही. चिन्हं आणली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह लावलं. वाचता न येणं हा मतदाराचा दोष न धरता मतपत्रिकेचा दोष धरला. त्याच वेळी लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, त्यावर आजही वाद घालता येईल. पण त्यामागचा आग्रह मला समजतो. मत अमक्याच्या बायकोचं नसतं, तिचं असतं. ज्या प्रजासत्ताकाने पहिल्याच वर्षी एवढा हट्ट धरला, त्याने अंध बाईला सत्तर वर्षांनंतरही दादाची बहीण म्हणून आत पाठवावं?

माझी तक्रार इथे आहे. निरक्षरतेकडे आपण डिझाइनचा प्रश्न म्हणून बघितलं, अपंगत्वाकडे वाहतुकीचा आणि दयेचा. सक्षम अ‍ॅपवर व्हीलचेअर मागवता येते, घरून न्यायला-आणायला गाडी मागता येते. चांगलंच आहे. माणूस दारापर्यंत पोहोचतो. आणि जो दारापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्याकडे आता दारच जातं. २०२४च्या लोकसभेला पहिल्यांदा देशभर ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मतदानाची सोय मिळाली. त्या वेळी यादीत अपंग म्हणून नोंदलेले मतदार ८८ लाखांवर होते. १२-डी नावाचा अर्ज भरायचा, मग मतदान अधिकाऱ्यांचं पथक घरी येतं, पोलीस आणि व्हिडिओग्राफर घेऊन.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सोय किती मोठी आहे, हे मी नाकारत नाही. पण पुन्हा फोटो बघा, आता तो घरातला आहे. कॉटवर आजी, पायथ्याशी अधिकारी, दारात सून, कोपऱ्यात व्हिडिओ कॅमेरा, आणि आजीच्या मांडीवर पुठ्ठ्याचा छोटा आडोसा. मत कागदावर पेनाने द्यायचं. म्हणजे अंध मतदाराने घरून मत द्यायचं ठरवलं, तर यंत्रावरचे ब्रेल आकडेही गेले, आणि सोबती आला तो बहुधा त्याच घरातला. अर्ज एकदा मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतदानाची खूण होते, मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. दोन बेडरूमच्या घरात सगळ्यांत गुप्त जागा कुठली, याचा विचार निवडणूक नियमांनी कधी केलेला नसतो. अपंग माणूस तो रोज करतो.

‘न्यूटन’ हा अमित मसुरकरांचा २०१७चा सिनेमा अनेकांनी बघितला असेल. त्यात दंडकारण्यातल्या एका केंद्रावर कुणीच फिरकत नाही. मग विदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर सुरक्षा दल गावकऱ्यांना पकडून रांगेत उभं करतं. ज्यांना उमेदवारही माहीत नाहीत त्यांच्या बोटाला शाई लागते आणि कॅमेऱ्यासाठी लोकशाही झाल्यासारखी दिसते. सिनेमात अपंग मतदार नाही. पण रांग भरली म्हणजे निवडणूक झाली, ही जी समजूत तो सोलून काढतो, तीच आपल्या क्षणचित्रांतही आहे. पोलिसाच्या हातात इथे बंदुकीऐवजी खुर्ची आहे, आणि हेतू चांगला आहे. म्हणून तिच्यावर सिनेमा निघत नाही.

मग उपाय काय? माझ्या वयाचे, माझ्या धंद्यातले लोक इथे लगेच म्हणतात, अ‍ॅप काढा. यूपीआयने पैसे जातात, मत का नाही जाणार? त्यांना मी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं उदाहरण देतो. तिथे २०११ साली ‘आयव्होट’ आलं, ते मुळात अंध मतदारांना एकट्याने मत देता यावं म्हणूनच. २०१५मध्ये सुरक्षा संशोधकांना त्यात गंभीर भोक सापडलं. २०२१च्या स्थानिक निवडणुकांत ताण येऊन ते कोलमडलं, कित्येकांची मतं राहून गेली, आणि न्यायालयाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. २०२३च्या राज्य निवडणुकीत आयव्होट वापरलं नाही. झळ बसली ती ज्यांच्यासाठी ते काढलं होतं त्यांनाच. शिवाय यूपीआयचा व्यवहार चुकला तर बँक तुम्हाला हिशोब दाखवते. मत तुमचं होतं हे नंतर कुणालाच दाखवता येता कामा नये. दोन प्रश्न दिसायला सारखे आहेत, एवढंच.

अमेरिकेत २००२च्या कायद्याने संघीय निवडणुकीसाठी प्रत्येक केंद्रावर किमान एक तरी असं यंत्र बंधनकारक केलं, ज्यावर अपंग मतदाराला इतरांइतक्याच गुप्ततेने मत देता येईल. हेडफोन लावा, नावं ऐका, बटण दाबा. आपल्या आयोगाने यावर म्हणावं, की आमचं यंत्र मुद्दाम साधं ठेवलंय, त्यात आवाज घातला की गुंतागुंत वाढली, गुंतागुंत वाढली की संशय वाढला, तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. आणि एक बारीक मुद्दाही आहे. हेडफोनमधला आवाज जर यंत्राच्याच मेमरीतून येत असेल, तर ती पडताळणी नव्हे. यंत्राने स्वतःबद्दल दिलेली ती साक्ष झाली. ऐकवायचं तर छापून आलेली चिठ्ठी वाचून ऐकवली पाहिजे. हे अवघड आहे, पण हे आव्हान लिहून स्पर्धा लावा, आयआयटीतली मुलं रांग लावतील.

ब्रिटनमध्ये यंत्रही नव्हतं, कागदावर ठेवायची प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावर उठावदार आकडे. तिने जागा सापडते, नाव कळत नाही. २०१९मध्ये एका अंध मतदार बाईंच्या दाव्यावर उच्च न्यायालयाने ही सोय कायद्याला पुरी पडत नाही असं ठरवलं. कुणाला मत देतोय ते न कळता खूण करायला लावणं हे निवडणुकीचं विडंबन आहे, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं. जर्मनीत तशाच साच्याबरोबर नावांचं ध्वनिमुद्रण आधीच घरी मिळतं. मतपत्रिकेचा एक कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेला असतो, म्हणजे कागद उलटा-सुलटा कळतो. मतदार घरी ऐकून येतो, साचा घेऊन येतो, एकटा आत जातो. सॉफ्टवेअर शून्य. माझ्यासारख्याने हे कौतुकाने लिहावं, यातच काय ते समजा.

आपल्याकडे फार दूरचं नको. उमेदवारांची क्रमवार यादी ध्वनिरूपात, मराठीत, आयोगाच्या साइटवर आणि एका फोन नंबरवर मतदानाच्या आठवडाभर आधी ठेवता येईल. ब्रेल मतपत्रिका पिशवीच्या तळाशी न ठेवता टेबलावर ठेवता येईल. घरून मत देणाऱ्याला कागदावर ठेवायचा साचा देता येईल. यातलं काहीही करायला संसदेत जावं लागत नाही.

ही यादी त्या टेस्टर मैत्रिणीला दाखवली, तर ती म्हणाली, यात महापालिका कुठाय? बरोबर होतं तिचं. पुण्यात २०१७ला चार सदस्यांचे प्रभाग होते. एका मतदाराने चार मतं द्यायची. कुठली जागा कुठली हे कळावं म्हणून मतपत्रिकांना वेगवेगळे रंग दिलेले. चार वेळा बटण शोधायचं, चारही दाबली का याचा हिशोब डोक्यात ठेवायचा, आणि व्हीव्हीपॅट तर कुणालाच नाही. “म्हणजे तिथे मी तुमच्या बरोबरीची,” ती हसून म्हणाली. “फक्त रंग सोडून.”